भरल्याशिवाय सुटत नाही

विमानप्रवासातलं मला सगळं कळतं, अशी आमच्या शिळफाट्यावर माझी ख्याती होती, आणि ती पसरवणारीही मीच होते. खरं तर मी एकदाच विमानात बसले होते. साजगावच्या ज्या कारखान्यात मी माल रवाना करायचं काम बघते, त्यांनी एका प्रशिक्षणासाठी इंदूरला पाठवलं होतं. तेव्हा दारातून शिरल्यापासून खुर्चीत बसेपर्यंत मी फक्त आमच्या साहेबांच्या पाठीमागून चालले. त्यांच्या शर्टावर मागे शाईचा डाग होता. तो कसा होता ते मी आजही कागदावर काढून दाखवीन, विमानतळ कसा होता ते मात्र विचारू नका. खुर्चीत बसल्यावर मला झोप लागली आणि डोळे उघडले तेव्हा इंदूर आलं होतं.

एवढ्या भांडवलावर मी पुढची चार वर्षं नाकाने कांदे सोलले. कुणाचा मुलगा दुबईला निघाला, कुणाची सून दिल्लीला निघाली, की मी रस्त्यात थांबवून सल्ले द्यायची. त्यामुळे आईबाबांना विमानाने बेंगळुरूला न्यायची वेळ आली तेव्हा घरात कुणी दुसरा विचारच केला नाही. "मोठी हाय की," आई म्हणाली. मोठी म्हणजे मी.

निघायचं कारण धाकटी बहीण. तिचं पहिलं मूल सहाव्या महिन्यात गेलं होतं, आणि त्या वेळी आई तिच्याजवळ पोचू शकली नव्हती. या खेपेला आई पंधरा दिवस आधीच जाऊन राहणार होती, आगगाडीची तिकिटंही काढली होती. पण डॉक्टरांनी अचानक तारीख अलीकडे घेतली. उद्या सकाळी आठ वाजता ऑपरेशन करून बाळ काढायचं ठरलं. बहिणीचा फोन आला तेव्हा ती लहान पोरीसारखी रडत होती. "आई, तू असशील तरच मी आत जाईन," असं म्हणाली. आईने "उशाशी असंन तुज्या" असा शब्द देऊन टाकला, आणि मग तो शब्द पाळायची जबाबदारी माझ्यावर आली. दुपारच्या विमानात तीन जागा मिळाल्या. त्यानंतरची सगळी विमानं भरलेली होती. म्हणजे हे चुकलं असतं तर आई पुन्हा एकदा पोचली नसती.

दहिवलीचा मावसभाऊ गाडी घेऊन आला. बाबा त्याच्या शेजारी बसले आणि खोपोली सुटायच्या आत त्यांनी पहिला प्रश्न विचारला.

"किती सीटची हाय?"

"काय?"

"इमान."

"एकशे ऐंशी," मी म्हटलं. हा आकडा मी सकाळीच मोबाइलवर वाचला होता.

"मंग भरायला येळ लागंल. दमानं चल रं," त्यांनी भावाला सांगितलं.

इथे बाबांविषयी सांगायला हवं. बाबांनी तीस वर्षं शिळफाटा ते साजगाव या लाईनवर सहा आसनी रिक्षा चालवली. या लाईनचा कायदा एकच होता, गाडी भरल्याशिवाय सुटत नाही. मग कुणाला कामावर उशीर होवो नाहीतर कुणाची वरात अडो. बाबा गाडीशेजारी उभे राहून "साजगाव, साजगाव, साजगावऽऽ" अशी हाळी द्यायचे, ती बाजाराच्या दुसऱ्या टोकाला कोथिंबीर निवडणाऱ्या बाईलाही ऐकू जायची. माणूस दिसला नाही तरी चालायचं, तो येणार आहे हे कळलं की गाडी थांबायची. "ती मास्तरीन येतेय, चप्पल तुटलीय तिची" असं कुणी सांगितलं तरी सगळे बसून राहायचे. प्रवाशाला ते सीट म्हणतात. आमच्या घरी पाहुणे आले तरी बाबा आईला "चार सीट जेवायला हायत" असं सांगतात.

"बाबा, विमान भरायची वाट बघत नाही. वेळ झाली की सुटतं."

"रिकामं?"

"रिकामं असलं तरी."

"मालक येडा हाय का?" बाबा म्हणाले आणि निवांतपणे खिडकीबाहेर बघू लागले. त्यांच्या दृष्टीने विषय संपला होता.

मी मात्र वाटेत नियमावली वाचून दाखवली. मोठ्याने बोलायचं नाही. खुर्चीवर मांडी घालायची नाही. अनोळखी माणसाला "कुठले तुम्ही" असं विचारायचं नाही. पिशवीतून डबा काढून शेजाऱ्याला "घ्या की" म्हणायचं नाही. यातला एकही नियम विमानतळाचा नव्हता, सगळे माझेच होते. खरं सांगायचं तर आम्ही शिळफाट्याचे आहोत हे कुणाला कळू नये अशी माझी इच्छा होती, आणि आईबाबा दोघे बरोबर असताना ती पुरी होणं अवघड होतं.

विमानतळात शिरताना मीही दचकले, पण दाखवलं नाही. छत इतकं उंच की आईने पदर डोक्यावर घेऊन वर पाहिलं. मी पाठ ताठ करून पुढे चालले आणि पहिल्याच वळणाला आम्ही तिघे सामान वाहणाऱ्या माणसांच्या खोलीत पोचलो. "इकडून जवळ पडतं," मी म्हटलं आणि उलट फिरले. आईने माझ्याकडे नुसतं पाहिलं. आपली पोर थापा मारते हे तिला माझ्या वयाच्या दुसऱ्या वर्षापासून माहीत आहे.

सामान देण्याच्या खिडकीवर आमच्या तीन बॅगा पट्ट्यावरून सरकत पडद्याआड गेल्या. तिथल्या मुलीला बाबांनी विचारलं, "आन आमी चढलोच नाय तर?"

"मग तुमच्या बॅगा शोधून उतरवाव्या लागतात, काका. माणसाशिवाय बॅग जात नाही."

"शोधायला येळ लागत आसंल."

"हो ना, सगळ्यांनाच उशीर होतो," ती हसून म्हणाली. बाबांनी मान डोलावली. तोवर रांगेतल्या पुढच्या-मागच्या सगळ्यांची तोंडं त्यांनी बघून घेतली होती. ती त्यांची जुनी खोड, आपल्या गाडीत कोण बसणार ते आधी बघायचं.

मग तपासणी. मी आधीच जाहीर केलं होतं की अंगावरचं धातूचं सगळं काढायचं. बाबांनी तांब्याची अंगठी काढली, दंडावरचा ताईत काढला, पट्टा काढला आणि पुरुषांच्या रांगेत जाऊन उभे राहिले. जवानाने हात वर करा म्हटल्यावर मात्र ते पेचात पडले. पँट त्यांना दोन वर्षं सैल होते आहे. त्यांनी एक हात वर केला, मग तो खाली घेऊन दुसरा वर केला. जवानाला हसू आवरेना.

मीही हसत होते, तेवढ्यात आमच्या रांगेवर तपासणी करणाऱ्या अधिकारी बाईने आईची हातातली पिशवी बाजूला काढली. तिच्यात हात घालून तिने एक अडकित्ता बाहेर काढला.

तो मी लगेच ओळखला. पितळी मुठीचा, आईच्या आईचा. आमच्याकडे बाळंतिणीच्या उशाखाली लोखंड ठेवतात, आणि आम्हा दोघी बहिणींच्या वेळी हाच अडकित्ता आईच्या उशाखाली होता. बहिणीच्या पहिल्या वेळी तो शिळफाट्यालाच राहिला होता. मूल गेलं ते त्यामुळे, असं आई कधी बोलली नाही, पण तिच्या मनात ते होतं हे मला माहीत होतं. पट्ट्यावरून पडद्याआड जाणाऱ्या बॅगेवर तिचा भरवसा नव्हता, म्हणून तिने तो स्वतःजवळ ठेवला होता, मला न सांगता. मी विचारलंही नव्हतं. माझी नियमावली वाचून दाखवायची होती ना.

"हे बरोबर नेता येणार नाही," ती बाई हिंदीत म्हणाली. आवाजात रागबिग काही नव्हता. "मागे जाऊन मोठ्या सामानात टाका, नाहीतर बाहेर कुणी सोडायला आलं असेल तर त्याला देऊन या. अजून वेळ आहे तुम्हाला."

वेळ खरंच होता. मावसभाऊ बाहेर चहा पीत उभा होता. पण मागे कोट घातलेला एक माणूस सुस्कारे टाकत होता, आणि त्याच्यामागे दोन बायका माझ्या आईच्या हातातल्या कापडी पिशवीकडे बघत होत्या. अडकित्ता तिथे ट्रेमध्ये सगळ्यांसमोर पडला होता. मला लाज वाटली.

"राहू द्या. टाका त्यात," मी म्हटलं आणि जप्त वस्तूंच्या काचेच्या पेटीकडे बोट केलं.

आत पडताना आवाज झाला. आई भांडली असती तर बरं झालं असतं, भांडणात मी तिला हरवते. तिने पिशवीचा बंद ओढून घट्ट केला आणि माझ्यामागून चालू लागली. मी वर तिलाच सुनावलं, "असल्या वस्तू आणतात का इथे? जरा विचारायचं तरी." उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

हातातल्या कागदावर गेट बारा लिहिलं होतं. मी तिथे नेऊन दोघांना बसवलं आणि आईचा मोबाइल "हरवशील" म्हणून माझ्या पर्समध्ये टाकला. मग पाय लांब करून अनुभवी प्रवासी बसतात तशी बसले. बाबा भोवतालची लाईन न्याहाळत होते. इतकी माणसं आणि इतकी शांतता त्यांना सोसवत नव्हती.

"हितं कुनी हाळी देत नाय?"

"नाही. फलकावर येतं सगळं. आपण वाचायचं."

"आन ज्याला वाचता येत नाय?"

"बाबा, हळू बोला."

"हळूच बोलतोय की गं. कानात बोलू का?"

थोड्या वेळाने आई उठली. "जरा जाऊन येते," म्हणाली. तोंड धुवायला जात असेल असं मला वाटलं. "लवकर ये आणि कुणाशी बोलत बसू नकोस," मी मोबाइलवरून मान वर न करता म्हटलं. बहिणीला मी निरोप लिहीत होते, सगळं व्यवस्थित चाललं आहे, काळजी करू नकोस.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. बाबांनी माझ्या दंडाला कोपर मारलं.

"आपल्या गाडीची सीट कुटं गेली?"

"कुठली सीट?"

"तो निळा शर्टवाला, चष्म्याची बाय, ती बाळवाली, नि हातात गिटार घेतलेला. सगळी आपल्या रांगेत होती. हितं एक बी नाय. ही सगळी दुसऱ्या लाईनची हायत."

मी हसणार होते. पण मान वर करून पाहिलं तर खरंच, आजूबाजूची माणसं वेगळी, आणि गेटवरच्या पाटीवर कोलकाता लिहिलेलं. मी फलकाकडे धावले. ज्या फलकाविषयी मी इतकं शिकवलं होतं, त्याच्याकडे मी तासाभरात एकदाही पाहिलं नव्हतं. आमचं गेट बदलून तेवीस झालं होतं, आणि पुढे लाल अक्षरांत शेवटची सूचना लुकलुकत होती.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. विमान भरल्याशिवाय सुटत नाही असं समजणारा माणूस माणसं मोजत बसला होता आणि सगळं माहीत असलेली बाई मोबाइलवर होती.

"आई कुठाय?" मी म्हटलं.

बाबा उठले. तोपर्यंत मला त्यांच्यात सैल पँटवाला म्हातारा दिसत होता, तो एकदम गेला. "तू तिला बग. मी गाडी थांबवतो," म्हणाले आणि दोन्ही पिशव्या उचलून चालू लागले. गाडी म्हणजे एकशे ऐंशी माणसांचं विमान. त्यांच्या बोलण्यात तिळमात्र शंका नव्हती.

मी बायकांच्या स्वच्छतागृहात शिरले. "आई, आई" म्हणत प्रत्येक दार वाजवलं. तिथे हाक मारायची सोय नव्हती, कारण निम्म्या बायका कुणाच्या तरी आया होत्या आणि तिघींनी आतून ओ दिली. दुसऱ्या स्वच्छतागृहात गेले, पुस्तकांच्या दुकानात गेले, सरकत्या पट्ट्यावरून उलट दिशेने धावले आणि एका माणसाच्या बॅगेवर आपटले. मदतीच्या टेबलावरच्या मुलाला विचारलं, नाव पुकारता का? तो नम्रपणे म्हणाला, "इथे उद्घोषणा होत नाही, मॅडम. मोबाइलवर फोन करून बघा ना." मी पर्समधला आईचा मोबाइल काढून त्याला दाखवला. मग तो म्हणाला, "वर्णन सांगा."

वर्णन काय सांगू? हिरवं लुगडं, हातात कापडी पिशवी. सकाळपासून जे लपवायला बघत होते तेच सगळं आता सांगत बसले होते.

बाबांचा फोन आला. "बंद करतायत. मी हाय हितं. तू आन तिला." आणि फोन ठेवला.

उद्या सकाळी बहीण दाराकडे बघत असेल आणि आई नसेल, पुन्हा, आणि या खेपेला माझ्यामुळे. तेवढ्यात मला ती काचेची पेटी आठवली, आणि आई कुठे गेली असेल ते कळलं. ते आधीच कळायला हवं होतं. तोंड धुवायला जाताना कुणी पिशवी बरोबर घेऊन, तिचा बंद मोकळा करून जात नाही, आणि तिने उठताना तो सोडला होता हे मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं होतं.

तपासणीच्या दालनापर्यंत धावले तर समोर माणसांची भिंत. एकाच वेळी तीन-चार विमानांची गर्दी आत येत होती. माझी उंची पाच फुटाला दोन बोटं कमी. पलीकडे कुठेतरी ती पेटी होती आणि तिच्याजवळ आई, पण मला खांदे आणि बॅगांशिवाय काही दिसेना. उलट्या दिशेने कुणी आत शिरू देईना. "आई" म्हणून दोनदा ओरडले, माणसं वळून बघून परत फिरली. नाव घेऊन हाक मारली असती, पण आईला नावाने हाक कुणी मारतच नाही, ती वळली नसती. घाबरलेल्या माणसाला जे येतं तेच तोंडातून बाहेर पडतं. मला जे येतं ते मी कधीच कुणासमोर काढलं नव्हतं.

आई वीस वर्षं साजगावच्या एका कारखान्यात डबे करायला जायची. घरचं आवरून बाजाराच्या बाजूने पळत यायची, नेहमी शेवटची. बाबांना तिला नावाने हाक मारता यायची नाही, चारचौघांत तर नाहीच. पाच सीट भरल्या की ते "साजगाव, एक सीट" म्हणून हाळी द्यायचे, आणि ती सीट कुणाची हे अख्ख्या बाजाराला माहीत असायचं. त्याच गाडीतून शाळेत जाताना मी कोपऱ्यात तोंड वळवून बसायची.

मी दोन्ही पाय फाकवून उभी राहिले, हात तोंडाशी धरले आणि पोटातून ओरडले.

"साजगाव, साजगाव, साजगावऽऽ! एक सीट, एक सीट! साजगाऽऽव!"

माझा आवाज असा आहे हे मलाही माहीत नव्हतं. तो छतापर्यंत गेला आणि परत आला. दालन थबकलं. रांगा थांबल्या, ट्रे हातात तसेच राहिले, एक रडणारं पोर रडायचं थांबलं. दोन जवान माझ्या दिशेने निघाले. कोट घातलेल्या एका बाईने आपली पर्स पोटाशी धरली. आणि कुठूनतरी मागून एका पुरुषाचा आवाज आला, "शिळफाटा घेता का?"

आमच्याकडचा कुणीतरी होता. कोण ते मला कधीच कळलं नाही.

मी पुन्हा ओरडले, आणि गर्दीच्या पलीकडून उत्तर आलं, "आले आले, थांब जरा!"

वीस वर्षं ती हेच उत्तर देत आली होती. लोक बाजूला झाले आणि हिरवं लुगडं दिसलं. निऱ्या एका हातात धरून आई पळत येत होती, मागून ती अधिकारी बाई. दुसऱ्या हातातली पिशवी रिकामी होती. माझ्यापर्यंत येऊन ती धापा टाकत म्हणाली, "एवड्या मोट्यानं वरडतात का गं? हितं हळू बोलायचं असतं ना?"

जवानाने मला काय झालं म्हणून विचारलं. मी फक्त आईकडे बोट दाखवलं, मला रडू येत होतं. तो तिच्याकडे बघून माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "जाइए, जाइए, भागिए."

आम्ही धावलो. बारा, पंधरा, अठरा. सरकत्या पट्ट्यावर आई घाबरेल म्हणून मी हात धरायला गेले, तर ती माझ्यापुढे होती.

तेविसाव्या गेटवर दाराच्या चौकटीत बाबा उभे होते. आतही नाही आणि बाहेरही नाही, बरोबर मधोमध, एका हाताने पँट धरून, पट्टा अजून पिशवीतच होता. समोर गणवेशातली मुलगी वायरलेसवर बोलत होती आणि तिचा चेहरा लाल झाला होता.

"काका, मी शेवटचं सांगते आहे, तुम्ही आत चला."

"येतो की. तीन सीट हाय आमची, दोन येतायत."

"नाही आले तर दार बंद करावं लागेल."

"करा. पन आमच्या तीन बॅगा खाली हायत, त्या शोधून काडा आधी. त्याला जेवडा येळ लागंल तेवड्यात ती येतेय. सोपं काय ते तुमीच बगा, ताई."

ती उत्तर देणार तेवढ्यात आम्ही पोचलो. तिने कागद फाडले, दार ढकललं आणि खालच्या बसकडे हात केला. आम्ही उतरलो तेव्हा ती मागे हसत होती, की वायरलेसवर कुणाला तरी आमचा किस्सा सांगत होती, कुणास ठाऊक.

बसमध्ये निळा शर्टवाला होता, चष्म्याची बाई होती, बाळवाली होती. सगळ्यांनी आमच्याकडे रागाने पाहिलं. बाबांनी मान हलवून त्यांना नमस्कार केला, जणू गाडी त्यांचीच.

"मला हितवर आलं आयकायला," ते मला म्हणाले.

मी खाली बघितलं.

"आवाज बरा हाय. पन एक सीट दोनदा नाय म्हनायचं. लोकांना वाटतं दोन जागा हायत."

आईने तेवढ्यात आपलं सांगायला सुरुवात केली होती, पण हळू आवाजात. पेटी काठोकाठ भरलेली होती. कात्र्या, चाकू, नखं कापायची कितीतरी यंत्रं. आपला अडकित्ता वरच दिसत होता, मूठ काचेला टेकलेली. त्या बाईला तिने सगळं सांगितलं, लेकीच्या उशाखाली ठेवायचाय म्हणून. बाईने पाणी दिलं, बसायला खुर्ची दिली, पण दिला नाही. "तिचं बी काय चुकलं नाय, ती हुकमाची मानसं," आई म्हणाली. "मी म्हटलं, बसून राहू, तिचं मन बदललं तर." बदललं असतं की नाही कुणास ठाऊक. माझ्या हाळीने ती बाईही उठली आणि आईमागे धावली.

मला म्हणायचं होतं की चुकलं माझं. मी म्हटलं, "पदर नीट घे, अडकेल कुठेतरी."

रात्री पोचलो तेव्हा दवाखान्यात भेटायची वेळ संपली होती, त्यामुळे सकाळी साडेसातला आम्ही तिथे गेलो. बहीण हिरव्या कपड्यांत, ढकलगाडीवर, चेहरा पांढराफटक. आई तिच्या उशाशी जाऊन उभी राहिली आणि तिने तिच्या कपाळावर तळवा ठेवला. बहीण डोळे उघडून तिच्याकडे बघतच राहिली. लोखंड नव्हतं ते तिच्या लक्षातही आलं नाही. आई अडकित्ता घेऊन निघाली होती हे तिला माहीतच नव्हतं.

"मला वाटलं तू नाय पोचत," बहीण म्हणाली. "काल दिवसभर वाटत होतं. कशी आलीस गं एवढ्या त्या सगळ्यातून?"

बाबा खोकले आणि दाराकडे वळले. मी आईकडे पाहिलं. रागवायला, सांगायला, मला जन्मभर पुरेल असं काही बोलायला याहून चांगली वेळ तिला मिळणार नव्हती. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही.

"हिनं आनलं मला," ती म्हणाली. "ही नसती तर मी ऱ्हायलेच होते तितं."

बहिणीने माझा हात धरून डोळ्यांना लावला आणि तिला आत नेलं. तासाभराने मुलगी झाली, दोघी चांगल्या होत्या. मी त्या पेटीकडे बोट केलं होतं, हे मी तिला आजपर्यंत सांगितलेलं नाही.